लॉर्नाची खुर्ची

शनिवार, ८ मार्च. दुपार. जहाज अजून बंदरातच.

आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद कुठेतरी राहायला हवी, म्हणून वहीचं पहिलं पान त्यालाच देतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी घेतलेल्या, बाल्कनीवाल्या, दारावर चंदेरी फुगे लावलेल्या केबिनमध्ये पलंग दोन आहेत. दोन. मध्ये एक छोटं टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली टॉवेलच्या घड्या घालून केलेला हंस. हंस मात्र एकच. कोणत्या पलंगाकडे बघावं हे न कळल्यामुळे त्याने तोंड भिंतीकडे केलं आहे.

मी बुकिंग करताना स्वच्छ सांगितलं होतं, एक मोठा पलंग. केबिन सांभाळणारा अगुंग नावाचा हसतमुख माणूस आहे, बालीचा. त्याला बोलावून कंपनीच्या कारभारावर चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मॅडमचाच फोन आला होता, दोन पलंग वेगळे करा म्हणून. मॅडम बाल्कनीत उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

खुलासा सोपा आहे. मी घोरतो. लॉर्नाची झोप सावध. विषय संपला.

ही वही पास्टर एलिंगसन यांनी दिली. म्हणाले, वेंडेल, बायको काय बोलते ते ऐक आणि रोज लिहून काढ. लॉर्ना आज फारसं बोललेली नाही, त्यामुळे जागा उरते. ती मी वापरतो.

पास्टरकडे जायची वेळ का आली तेही एकदा लिहून मोकळा होतो. जानेवारीत एका संध्याकाळी स्वयंपाकघरात लॉर्ना म्हणाली की वसंत आला की ती बहिणीकडे, ग्रेटाकडे, डुलुथला जाणार. पाहुणी म्हणून नाही, राहायला. मी म्हटलं, असं काय करतेस, राहा की इथेच. ती म्हणाली, नाही.

कारण विचारलं तर म्हणे, तुला माहीत आहे. मला माहीत नाही. त्याच आठवड्यात तिच्या डाव्या खांद्यावरचा तीळ काढला होता. वाईट जातीचा निघाला, बराच खणावा लागला, टाके पडले. त्या दिवशी मी लास व्हेगासला होतो, गॅरेजच्या दारांच्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात. त्याचं बुकिंग वर्षापूर्वीचं. ग्रेटा गाडी हाकत आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी संध्याकाळी फोन केला होता. दोनदा.

असो. घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या मिनेसोटात कुठलीही गोष्ट तीनदा विचारतात. कोणाकडे गेलं आणि त्यांनी केक पुढे केला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, ती रीत. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तो संकोच. तिसऱ्यांदा जे तोंडातून येतं ते खरं. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे हावरट म्हणतात. लॉर्नाने आतापर्यंत एकदाच नाही म्हटलं आहे. म्हणजे हिशेबाने तिने अजून काहीच म्हटलेलं नाही.

शिवाय ती आलीच ना. मी म्हटलं होतं, तिकिटं काढलेली आहेत. त्यावर म्हणाली, बरं, पंचवीस वर्षं नीट पूर्ण करू. हे शब्द मी पास्टरना जसेच्या तसे सांगितले. ते खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले.

वाढदिवस शुक्रवारी, चौदा तारखेला. (मार्चमध्ये लग्न केलं कारण थंडीत गॅरेजची दारं कोणी बदलत नाही.) शुक्रवारपर्यंतचे संकल्प: लॉर्ना बोलेल ते ऐकणे. दारांचा विषय न काढणे. आणि मुख्य म्हणजे रोज पहाटे पूलकाठी दोन आरामखुर्च्या धरणे, एक माझी, एक तिची. जहाजावर माणसं तीन हजार, पूलकाठच्या खुर्च्या तीनशेही नसतील. फुलं कोणीही देतो. खुर्ची धरायला माणूस लागतो.

रविवार, ९ मार्च. सकाळ. समुद्रात.

पहाटे अंधारात वर गेलो. दुसरी रांग, पूर्वेला तोंड, दिवसभर ऊन. दोन खुर्च्यांवर दोन निळे टॉवेल पसरले आणि घरून आणलेले पोपटाच्या आकाराचे प्लॅस्टिकचे चिमटे लावले. माझ्यानंतर आलेल्या एका टेक्ससच्या माणसाने टॉवेल पाहिले, पोपट पाहिले आणि मुकाट्याने तिसऱ्या रांगेत गेला. युद्ध असंच जिंकतात.

नाश्त्याला लॉर्नाला बातमी दिली. ती म्हणाली, वेंडेल, मला उन्हात बसता येत नाही. डॉक्टरने तसं काहीतरी सांगितलं होतं खरं, पण डॉक्टर मिठाबद्दलही सांगतात. मी म्हटलं, थोडा वेळ ये. ती म्हणाली, मी खाली सहाव्या मजल्यावर बसते, होड्या टांगल्यात तिथे सावली असते. जमलं तर तूच ये.

जमण्यासारखं नव्हतं. मी खाली गेलो तर खुर्च्या कोण राखणार?

दुपार.

कॉफी घेऊन परततो तर लॉर्नाच्या खुर्चीवर एक म्हातारी. पांढरे आखूड केस, हातात काठी, डोक्यावर भलीमोठी गवती टोपी, मांडीवर विणकाम. चिमटा काढून तिने शेजारच्या टेबलावर ठेवला होता, नीट, पोपट उताणा. मी सभ्यपणे सांगितलं की ही जागा माझ्या बायकोची आहे. तिने विचारलं, कुठे आहे ती. मी म्हटलं, येतेच आहे. बाई काठी टेकत उठली. गुडघा नवा बसवलेला आहे म्हणे, वेळ लागतो. जाताना म्हणाली, "खुर्ची गरम करून ठेवली आहे म्हणावं."

मेन राज्यातली, नाव मिसेस पेल्टिये. हे मी विचारलं नव्हतं. मेनची माणसं न विचारता सांगतात.

तासाभराने कॉफी घ्यायला पुन्हा तिथूनच गेली. "आली का हो?" मी म्हटलं, पोहायला गेली आहे.

मग एक नवंच संकट. जहाजाचा नियम असा की खुर्ची अर्धा तास रिकामी दिसली तर डेकवरचा माणूस तिच्यावर नारिंगी चिठ्ठी लावतो आणि पुढच्या फेरीला सामान उचलून नेतो. लॉर्नाच्या खुर्चीवर दोनदा चिठ्ठी लागली. दोन्ही वेळा मी काढून खिशात घातली. नियम चांगलाच आहे. तो खुर्च्या बळकावणाऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांसाठी नाही.

सोमवार, १० मार्च. दुपार. समुद्रातच.

प्रश्न सुटला. नुसता टॉवेल बघून डेकवाल्याला संशय येतो. बायको नसली तरी बायको आत्ताच उठून गेली आहे असं दिसलं पाहिजे. तेव्हा आज सकाळी केबिनमधून तिच्या सपाता आणल्या आणि एक सरळ, एक आडवी, अशा घाईत काढल्यासारख्या ठेवल्या. तिचं पुस्तक मध्यावर उघडून पालथं घातलं. टॉवेलचा एक कोपरा पूलमध्ये बुडवून आणला. लिंबू सरबत मागवलं, अर्धं स्वतः प्यायलो, उरलेलं तिच्या बाजूला ठेवलं. आणि उशाशी तिची रुंद काठाची गव्हाळी टोपी, हीच खरी करामत. टोपी ठेवल्याबरोबर खुर्चीवर अख्खी लॉर्ना दिसायला लागली.

दिवसभरात चिठ्ठी नाही. दर अर्ध्या तासाने मी सपाता थोड्या हलवत होतो. एकदा तर शेजारच्या जोडप्याने विचारलं, तुमची मिसेस काय वाचते आहे? मी पुस्तक उचलून नाव वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, आवडतंय का तिला? मी म्हटलं, फार. खरं सांगायचं तर इतका निवांत दिवस आम्ही दोघांनी कित्येक वर्षांत घालवला नव्हता.

पेल्टियेबाई आजही दोनदा आली. "अजून पोहतेच आहे? बायको आहे की मासा?"

जेवताना लॉर्नाने विचारलं, माझी टोपी पाहिलीस का, केबिनमध्ये सापडत नाही. मी म्हटलं, असेल इथेच, जहाजातून जाणार कुठे. हे खोटं नाही. टोपी जहाजातच आहे.

आज लॉर्ना पुष्कळ बोलली, लिहून ठेवतो. सावलीत तिला एक मैत्रीण मिळाली आहे. काठी घेऊन चालणारी बाई, वर पूलकाठी कोणीतरी खुर्चीवरून उठवलं म्हणून खाली आली. रिकाम्या खुर्चीवरून, लॉर्ना म्हणाली, पाय दुखत असताना. मी म्हटलं, अशा माणसांना पुढच्या बंदरावर उतरवून द्यायला हवं. लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी जरा हसली. म्हणाली, बरोबर बोललास.

जहाजावर काठीवाल्या बायका पुष्कळ असतील.

मंगळवार, ११ मार्च. संध्याकाळ. सेंट थॉमस बेटाजवळ.

आजचा दिवस बारीक अक्षरात लिहिण्यासारखा.

सकाळी सगळं जहाज बेटावर उतरणार होतं. सामान्य माणूस अशा दिवशी पूलकडे फिरकत नाही, आणि संधी असते ती इथेच. मी पहाटेच खुर्च्या धरल्या, लॉर्ना जागच्या जागी मांडली, म्हणजे सपाता, पुस्तक, टोपी, आणि दोन्ही पोपट घट्ट लावून बेटावर गेलो.

मी शिडाच्या होडीतून कासवं बघायची सहल घेतली होती. होडीला छप्पर नव्हतं. लॉर्नाने चढताना विचारलं, सावली कुठे आहे? होडीवाला म्हणाला, ताई, सावली शिडाची, ती फिरत राहते. लॉर्ना त्या सावलीबरोबर फिरत राहिली. डाव्या खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर माझा शर्ट, डोक्यावर हात. टोपी असती तर, ती एकदा म्हणाली. मी कासवं दाखवली.

कासवं मोठी होती. दोन.

पहिल्या किनाऱ्यावर होडी लागताच ती उतरली आणि टॅक्सी करून जहाजावर गेली. मीही गेलो असतो, पण सहलीत जेवण होतं.

परत आलो तर पूलवर वारा सुटलेला. दोन्ही पोपट जागच्या जागी, टॉवेल जागच्या जागी, एक सपात खुर्चीखाली. टोपी नाही. पोपट टॉवेल धरतो, टोपी धरत नाही, हे चिमटे बनवणाऱ्यांनी पाकिटावर लिहायला हवं होतं. डेकवाल्याला विचारलं. त्याने बोटाने समुद्र दाखवला.

लॉर्ना जहाजाच्या नर्सकडे होती. खांदा आणि मान लालभडक, टाक्यांची खूण त्यात पांढरी दिसते. मलम दिलं आहे. मी म्हटलं, घरी गेल्यावर सगळ्यांना वाटेल बेटावर जाऊन आली. ती मलम लावत राहिली. वहीत भरण्यासारखं काही नाही.

बुधवार, १२ मार्च. दुपार. सेंट मार्टिन बेट.

लॉर्ना केबिनमध्ये पडून आहे. बेटावर उतरणार नाही म्हणाली. मला म्हणाली, तू जा. मी विचारलं, नक्की? म्हणाली, जा. मी म्हटलं, बघ हं. ती म्हणाली, वेंडेल, जा. तीनदा झालं, तेव्हा गेलो.

इथे एक किनारा आहे, विमानं डोक्यावरून, हात लागेल इतक्या खालून उतरतात. पाहिलं. मोठा आवाज. सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. माझा एका डेन्मार्कच्या माणसाने काढला. फोटोत माझ्या शेजारी बरीच मोकळी जागा आली आहे. मीच तसा उभा राहिलो असणार, सवयीने.

परत येऊन लॉर्नाला फोटो दाखवला. ती उठून बसली होती. तिच्या उशाशी एक भलीमोठी गवती टोपी होती. मी विचारलं, नवी? म्हणाली, नाही, त्या मैत्रिणीची. शेवटच्या दिवशी परत द्यायची आहे, माझी मिळेपर्यंत दिली आहे. माझी मिळाली का रे?

मला वाटलं, ही वेळ चांगली आहे. दुसऱ्यांदा विचारलं. लॉर्ना, डुलुथचं डोक्यातून काढून टाक. घरी राहा.

ती म्हणाली, "नाही, वेंडेल."

आवाज मऊ होता. जानेवारीत कडक होता. म्हणजे सुधारणा आहे. शिवाय हे दुसरं. हा संकोच.

गुरुवार, १३ मार्च. दुपार. समुद्रात.

उद्याची तयारी पूर्ण. माहितीकक्षातल्या मुलीशी बोलून ठेवलं. उद्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी वेटर मंडळी केक घेऊन येतील, गातील, आणि कॅप्टन स्वतः टेबलाशी येऊन आमच्याकडून लग्नाच्या शपथा पुन्हा म्हणून घेतील. त्या मुलीने विचारलं, मिसेसना माहीत आहे ना? मी म्हटलं, तीच तर गंमत. ती म्हणाली, अशा वेळी आम्ही दोघांची सही घेतो. मी सांगितलं, तिची सही उद्या. ती म्हणाली, मग कॅप्टन कदाचित येणार नाहीत, केक येईल. बघू. केकवाल्यांनी सुरुवात केली की कॅप्टनला राहवणार नाही.

सकाळी खुर्चीपाशी पेल्टियेबाई आली. आज टोपी नव्हती डोक्यावर, रुमाल बांधला होता. उभीच राहिली. मी पेपर वर धरला. तिने काठीने लॉर्नाची सपात सरळ केली, पुस्तक उचललं, आतलं नाव वाचलं. लॉर्ना टॉलफसन, तिने मोठ्याने म्हटलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेली. पेपर खाली केला तर तिथेच.

"ही रोज माझ्या शेजारी बसते," ती म्हणाली. "मला वाटायचं, नवरा आजारी असेल केबिनमध्ये. चांगला ठणठणीत आहात की."

मी म्हटलं, मी तिच्यासाठी जागा राखतो आहे. ती म्हणाली, ते दिसतंच आहे. सरबताकडे बघून म्हणाली, पिते पण वाटतं. मग अर्धं सरबत घेतलं, तिथेच उभ्या उभ्या संपवलं आणि पेला पुन्हा जागेवर ठेवला. "तिला आंबट चालत नाही," म्हणाली. "ॲसिडिटी आहे. तीन दिवसांत मला कळलं."

माणसं दुसऱ्याच्या संसारात किती नाक खुपसतात. लॉर्नाला आंबट चालत नाही हे मला माहीत होतं. पूर्वी चालायचं.

बाईने लॉर्नाला सांगितलं असणार. दुपारी केबिनमध्ये गेलो तर लॉर्नाने विचारलं, माझं पुस्तक वर आहे ना? मी हो म्हटलं. सपाता? त्याही. टोपीचं तिने विचारलं नाही.

मी सांगणारच होतो. पण उद्याचा दिवस खराब कशाला करा.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळ. जहाजकंपनीच्या स्वतःच्या बेटाजवळ.

पंचवीस वर्षं. सकाळी लॉर्नाच्या पलंगाकडे गेलो आणि अभिनंदन म्हटलं. तिनेही म्हटलं. हात मिळवला. अगुंगने आज टॉवेलचे दोन हंस केले आहेत, चोची जुळवून मधे बदाम. चादरीवर ठेवायला जागा नव्हती, दोन पलंगांच्या मधल्या टेबलावर दाटीवाटीने बसवले आहेत.

आज पहाटे वर गेलो नाही. जहाज नांगरलेलं आहे, सगळे बेटावर. बेटावरही खुर्च्या आहेत म्हणतात. होडी सुटायच्या आत पोचायला हवं.

रात्रीचं जेवण झाल्यावर, केबिनमध्ये.

लॉर्ना काय बोलली ते लिहायचं. पास्टरना तसं वचन आहे. आज सगळं लिहितो.

केक आला. वेटरांनी गाणं म्हटलं, शेजारच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन आला नाही. मी उठलो. वाटलं होतं वाकून गुडघा टेकावा, पण टेबलं फार जवळजवळ होती, तेव्हा उभ्यानेच तिसऱ्यांदा विचारलं. लॉर्ना, राहशील ना?

ती म्हणाली, खाली बस, वेंडेल, लोक बघताहेत. मी बसलो. वेटर गेले. तिने केकचा एक तुकडा माझ्या ताटात वाढला, एक स्वतःला घेतला, सुरी पुसून ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "हे तिसरं. मला माहीत होतं तू मोजतो आहेस. म्हणूनच आले. पण मी जानेवारीत म्हटलं होतं तेच खरं होतं. तो केक नव्हता, वेंडेल."

मी म्हटलं, मी रोज पहाटे उठून तुझ्यासाठी खुर्ची धरली.

"धरलीस," ती म्हणाली. "आणि माझी टोपी खुर्चीला दिलीस."

मग काही वेळ केक खाल्ला. केक चांगला होता, वर नारळ.

"पहिल्या दिवशी मीही धरली होती," ती म्हणाली. "खाली, सावलीत. माझ्या शेजारची. तुला सांगितलं होतं, जमलं तर ये. पर्स ठेवली होती तिच्यावर. मग त्या बाई आल्या, काठी टेकत, उभ्या राहिल्या. विचारलं, कोणी येणार आहे का? मी जिन्याकडे पाहिलं. पर्स उचलली आणि म्हटलं, बसा."

मी तिला आठवण करून दिली की मी वर होतो. ती म्हणाली, हो, तू वर होतास. लास व्हेगासबद्दल ती काही बोलेल असं वाटलं. नाही बोलली.

तिने फोन करून विमानाचं तिकीट आधीच बदललं आहे. उद्या सकाळी बॅगा स्वतः उचलून उतरणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडतात, त्यांच्यात ती आहे. ग्रेटा डुलुथच्या विमानतळावर येणार.

एवढंच. लिहून काढलं. डुलुथ काही लांब नाही. गाडीने एका दुपारचा रस्ता. उन्हाळ्यात तिकडे गॅरेजच्या दारांना मागणीही असते, समोर एवढं मोठं तळं, दमटपणाने लाकूड फुगतं.

शनिवार, १५ मार्च. सकाळ. बंदर.

पहाटे जाग आली, सवयीने. वर गेलो. पूल रिकामा केलेला, वर जाळी टाकलेली, खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. दोरी सोडवून दोन काढता आल्या असत्या. नाही काढल्या.

लॉर्ना आज फार घाईत बोलली. थंडी आहे तिकडे, कोट बॅगेत वरच ठेव. घर तापवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदल, महिना उलटून गेला. पेल्टियेबाईंची टोपी त्यांना नेऊन दे, विसरू नकोस. मी म्हटलं, विसरत नाही. मग मी सांगितलं की तिची टोपी मंगळवारीच उडाली, समुद्रात. ती म्हणाली, माहीत आहे, बुधवारी तू बेटावर होतास तेव्हा मी वर गेले होते, डेकवाल्याने सांगितलं. मग तरी मला विचारलंस का, मी म्हटलं. ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, तू सांगतोस का बघत होते.

दारातून बॅग नेताना चाक उंबऱ्यात अडकलं. ते मी सोडवलं. चाकं, रूळ, बिजागऱ्या, हे माझ्या हातचं काम आहे. ती थँक्यू म्हणाली. फुगे एव्हाना बरेच खाली आले होते.

माझा नंबर उशिराचा. सगळ्यांना मोठ्या दालनात बसवून ठेवलं आहे. माणसं उभी, पोरं जमिनीवर, बॅगांचे डोंगर. मी लवकर आलो म्हणून भिंतीशी दोन खुर्च्या मिळाल्या. एकीवर मी. दुसरीवर माझी बॅग, बॅगेवर गवती टोपी. एका माणसाने विचारलं, मी म्हटलं, येणार आहे. दुसऱ्या एका जोडप्याने विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. तोंडातून आपोआप जातं.

मग पेल्टियेबाई दिसली. खांद्यावर पिशवी, काठी, डोक्यावर रुमाल. भिंतीभिंतीने येत होती, प्रत्येक रांगेशी थांबून बघत. माझ्यापाशी आली, थांबली. टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार, आली का हो. तयारीत होतो.

"कोणी येणार आहे का इथे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बसा."

बॅग उचलून पायाशी घेतली. टोपी तिच्या हातात दिली. तिने ती डोक्यावर घातली आणि बसली, गुडघा सरळ करून, हळूहळू. बसा, हे मी एकदाच म्हटलं होतं. मेनमध्ये एकदाच पुरतं.